खोदणाऱ्याचा हात

पाकीट उघडलं तर आत मी नव्हतेच. नाव, जन्मतारीख, पदव्या, सगळं दुसऱ्याच माणसाचं. लातूरच्या गंजगोलाईतल्या संगप्पा टायपिस्टकडून दुपारी पाकीट आणलं, पर्समध्ये कोंबलं, तेवढ्यात गल्लीत टँकर आला म्हणून घागरी घेऊन धावले, आणि भरलेल्या घागरी घरात लावून, ओले हात पदराला पुसून, उद्याच्या मुलाखतीआधी एकदा नजर टाकावी म्हणून कागद बाहेर काढले, तो पहिल्याच ओळीत 'श्री. रेवणप्पा मलप्पा हालकुडे, वय ४९'. आमच्याच कॉलेजातले, भूगोलाचेच, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. नांदेडच्या एका कॉलेजात भूगोलाची एक जागा निघाली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघांनीही अर्ज केला होता. दोघांचे बायोडाटे एकाच दिवशी एकाच टायपिस्टकडे गेल्यावर त्याच्या हातून पाकिटांची अदलाबदल झाली, यात नवल नव्हतं. पण त्यांचा कागद माझ्याकडे म्हणजे माझा कागद त्यांच्याकडे, आणि माझ्या कागदावर 'संशोधन' या शब्दापुढे लिहिलेलं होतं, 'प्रबंध पूर्ण. लवकरच विद्यापीठास सादर.'

प्रबंध पूर्ण नव्हता. सहा प्रकरणांपैकी चार झाली होती, पाचवं मोडकळीला आलं होतं आणि सहाव्याचं फक्त नाव ठरलं होतं. आता हे काही मी एकटीनंच केलेलं पाप नव्हे. आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचं पुस्तक सात वर्षं 'छपाईच्या वाटेवर' आहे, कुणाचा निबंध लग्न जमलेल्या मुलीसारखा सदैव 'स्वीकृत' आहे. बायोडाटा लिहिताना हात जरा सैल सोडायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, वाचणाऱ्यांनाही. आणि मला ती जागा हवी होती. लग्नाला दहा वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं मी आणि आमची गोदा लातूरला, आणि आमचे हे, रेणुकादास, विष्णुपुरीच्या धरणावर. महिन्यातून दोनदा येतात, पाहुण्यासारखे, आणि गोदा पहिले दोन तास त्यांच्याशी अहोजाहो करते. परवाच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की क्वार्टरजवळच्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. विष्णुपुरीच्या नळाला दोन वेळ पाणी येतं, हेही दोनदा लिहिलं होतं. एका शब्दानं तीन माणसं एका घरात येणार असतील, तर तो शब्द मी दहा वेळा टाइप करून घेतला असता. 'पूर्ण' हा शब्द टाइप करताना संगप्पानं मान वर करून पाहिलंही नव्हतं.

मग मी जे करायला नको होतं ते केलं, सरांचा बायोडाटा वाचला. पदव्या दोनच. वर्गांची नावं, वर्षं. आणि दुसऱ्या पानावर, जिथं आम्ही सगळे पिसारा फुलवतो तिथं, हे.

'संशोधन: अपूर्ण. १) १९७४ साली छापलेल्या माझ्या निबंधातील विहिरींच्या खोलीचे आकडे चुकीचे आहेत. ते कोणी वापरू नयेत. २) एकूण विहिरी ३१२. पैकी खोदणाऱ्याचा हात मोजून दुरुस्त केलेल्या १८७. ३) खोदणारा मयत, हात मोजता येणार नाही, ४१. ४) खोदणाऱ्याचा पत्ता लागत नाही, ६६. ५) पत्ता लागला आहे, जाणे बाकी, १८. ६) काम कधी पूर्ण होईल ते सांगता येत नाही.'

मला आधी हसू आलं. खरंच आलं. नोकरी मागायला जाताना माणूस पहिल्याच ओळीत आपली चूक सांगतो, आणि शेवटच्या ओळीत 'सांगता येत नाही'! मग ती पहिली ओळ पुन्हा वाचली आणि हसू जागच्या जागी थिजलं. 'ते कोणी वापरू नयेत.' हे 'कोणी' म्हणजे अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस होता, आणि तो घागरींच्या शेजारी पाटावर बसून हे वाचत होता.

त्र्याऐंशी साल असेल. नवा जिल्हा होऊन वर्ष झालं होतं आणि त्या जिल्ह्यानं माझा प्रबंध मधोमध कापला होता. माझा नोंदवलेला विषय 'उस्मानाबाद जिल्ह्यातील विहिरी', आणि एका सकाळी माझ्या निम्म्या विहिरी लातूर जिल्ह्यात गेल्या. गल्लीत लोक पेढे वाटत होते, कलेक्टर कचेरी येणार म्हणून जागांचे भाव बोलत होते, आणि मी विद्यापीठाला विषयाचं नाव बदलून द्या म्हणून अर्ज लिहीत होते. वर्षानं नाव बदलून आलं. तोवर माझा धीर संपत आला होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी किती खोल होत्या याचे आकडे मला हवे होते, आणि ते छापील एकाच ठिकाणी होते, रेवणप्पा सरांच्या निबंधात. त्यातल्या एकशेचाळीस विहिरी मी उचलल्या. त्या विहिरींच्या क्रमांकांची यादी माझ्या टेबलावर उघडी होती, तेवढ्यात सर येऊन उभे राहिले. हातात डस्टर, सदऱ्यावर खडूची भुकटी. म्हणाले, "बाई, ते आकडे घेऊ नका. चुकलेत." मी म्हणाले, "सर, छापलेत ना? छापलेलं आहे म्हणजे आधार आहे." सरांनी डस्टरवरची भुकटी झटकली. "हाव, छापलेत खरं," म्हणाले आणि तासाला निघून गेले. त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. चूक काय होती, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

चूक काय होती ते मला नंतर उडत उडत कळलं होतं, आणि मी ते उडतच जाऊ दिलं होतं. आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. आठ परस, दहा परस. बहात्तर साली सर, तेव्हा पस्तिशीचे, सायकलवर औसा-निलंग्याची गावं फिरले आणि लोकांनी सांगितलेले परस लिहून घेतले. एक परस म्हणजे सहा फूट, असं कुठल्याशा सरकारी पुस्तकात होतं, त्याप्रमाणे गुणाकार करून टाकला. निबंध छापला, नाव झालं. त्याच वर्षी त्यांना एका खोदणाऱ्यानं सांगितलं, परस म्हणजे उभा माणूस आणि त्याचा वर केलेला हात. टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत. आणि माणूस म्हणजे कोण? जो खोदतो तो. म्हणजे प्रत्येक विहिरीचा परस वेगळा. आणि आता टेप टाकून उपयोग नाही, कारण विहिरी नंतर आणखी खोल केल्या, काही बुजल्या, काहींच्या पोटात बोअर घातले. बहात्तरची खोली आता फक्त परसात शिल्लक, आणि परस त्या त्या माणसाच्या अंगात. दुसरा कुणी असता तर तळटीप देऊन मोकळा झाला असता. या गृहस्थांनी तीनशे बारा विहिरी खोदणाऱ्या माणसांना शोधून, भिंतीला उभं करून, हात वर करायला लावून मोजायचं ठरवलं. बारा वर्षं झाली. स्टाफरूममध्ये त्याला 'हालकुड्यांचा हस्तव्यवसाय' म्हणत. हे नाव मी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचच्या बसला सर आधीच खिडकीशी बसलेले होते. धुवट पांढरा सदरा, कपाळावर भस्माची फिकट पट्टी, मांडीवर कापडी पिशवी. मी शेजारी बसले आणि दोघांनी जवळजवळ एकदमच पाकिटं पुढे केली. त्यांनी माझं वाचलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांना काही लपवता येत नाही, हा त्यांचा जुना दोष. मी वाट पाहत राहिले. बस अहमदपूरच्या दिशेला लागली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं, भेगा पडलेली, मध्येच एखादं बाभळीचं झाड. शेवटी सर म्हणाले, "संगप्पानं तुमचं टायपिंग लई चांगलं मारलंय हं, बाई. एक चूक न्हाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि कान तापलेत हे मला हात न लावता कळत होतं.

मग वेळ जावा म्हणून मीच विचारलं, "सर, ही तुमची कितवी मुलाखत?" कॉलेजात तो विनोदाचाच विषय होता. कंधार, माहूर, देगलूर, उदगीर, कुठंही जागा निघो, रेवणप्पा सर मुलाखतीला, आणि निवड कधीच नाही. "तेरावी," ते म्हणाले, आणि मग लहान मुलानं चोरी कबूल करावी तसे हसले. "मुलाखतीला ऑन ड्यूटी रजा मिळती ना. हात मोजायला जातो म्हणलं तर प्रिन्सिपॉल देईल का? माहूरला दोन हात मिळाले. कंधारला किल्ल्यापाशी एक. ही माणसं काय एका जागी ऱ्हातात का? आता गावागावांत बोअरची मशीन आली. ह्यांच्या हाताला काम न्हाई. समदी धरणावर गेली. विष्णुपुरीला एक बाई हाय म्हणं, तिच्या नवऱ्यानं आपल्या औशाकडं लई विहिरी खोदल्या. म्हणून आज." मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला ती जागा नकोच आहे?" "मिळाली तर घेऊ की," सर म्हणाले. "पण बायोडाट्यात हाय तेवढंच लिहिणार. नसलेलं लिहून जागा मिळाली, तर त्या जागेवर बसायचं कुणी?"

मला त्यांचा राग आला. तुम्हाला परवडतं, असं ओठावर आलं होतं. तुमची बायको तुमच्याच घरात असते, तुमची पोरं तुम्हाला अरेतुरे करतात. पण हे म्हणता आलं नाही, कारण त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं आणि ते मला ओळखू येत होतं. तेरा गावी जाऊन तेरा टेबलांसमोर हा माणूस हसं करून घेतो आणि बाहेर येऊन पिशवीतून टेप काढतो. मला तेरा जन्मात जमलं नसतं. लोह्याला चहा प्यायलो. मुलाखत तीनला होती आणि विष्णुपुरी नांदेडच्या अलीकडेच लागते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर उतरायचं ठरवलं. आमचे हे साइटवर असणार, ते संध्याकाळी स्टँडवर भेटणार होते. नुसतं बसून वाट पाहण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर ती बाई मला पाहायची होती.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या पुढं, धरणाच्या अंगाला, पत्र्याची आणि ताडपत्रीची खोपटी होती. दुरून गोदावरीचं अडवलेलं पाणी दिसलं आणि मला, लातूरहून आलेल्या बाईला, एवढं पाणी उघड्यावर पडलेलं पाहून क्षणभर कसंतरीच झालं. झाकून ठेवावं असं वाटलं. नीलाबाई खोपटाच्या सावलीला बसली होती. साठीची, सुकलेली, दंड मात्र दोरखंडासारखे. सरांनी पिशवी खाली ठेवून नमस्कार केला आणि कामाचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यो जाऊन तीन वरसं झाली की, सायेब. आता कुणाचा हात मोजता?" सरांनी वही उघडली. मयतांच्या एक्केचाळिसात भर घालायला पेन टेकवलेलं मी पाहिलं. तेवढ्यात नीलाबाईच म्हणाली, "पर त्येचा हात मला ठावं हाय."

"कसा ठावं?" सर म्हणाले.

"ठावं नसंल व्हय? ईस वरसं त्यो खाली हिरीत, मी वरच्या टप्प्यावर. त्यो पाटी भरून डोईवरनं हात ताणून वर द्यायचा, मी वाकून घ्यायची. त्यो सरळ उभा ऱ्हायला की पाटी जिथं यायची तिथं माझा हात जायाचा. बघायची सुदीक गरज न्हवती."

 इकडंतिकडं पाहून सरांनी खोपटामागचा चर दाखवला, पायासाठी खणलेला, डोक्याहून खोल. नीलाबाई त्याच्या काठावर गेली, "टप्पा येवढाच असायचा," म्हणाली, पदर खोचला, एक पाय मागं रोवला आणि वाकली. दोन्ही हात खाली गेले. गेले आणि थांबले. हवेत, कशालाही न टेकता, पण फळीवर ठेवल्यासारखे ठाम. बोटं जरा वाकलेली, पाटीच्या काठाला असतात तशी. "हितं," ती म्हणाली. सर चरात उतरले. धुवट सदरा मातीला लागला त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी टेपचं एक टोक टाचेपाशी धरलं आणि दुसरं वर मला दिलं. मी गुडघ्यावर बसून ते तिच्या बोटांपर्यंत नेलं.  सर म्हणाले, "पुन्हा एकदा करा, आजी." तिनं कंबर सरळ केली, दोन पावलं चालून आली, पुन्हा वाकली. हात त्याच जागी थांबले. तिसऱ्यांदाही. सात फूट दोन इंच. सूतभरही फरक नाही. मेलेल्या माणसाचा हात तिथं उन्हात होता आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती होतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. सरांनी वहीत लिहिलं, आणि आकड्यापुढं कंसात 'सांगीव, मोजलेला नव्हे'. मी म्हटलं, "सर, तीन वेळा तोच आला." ते म्हणाले, "आला खरं. पण हात त्येचा न्हवता ना, बाई. वाचणाऱ्याला कळाया पायजे." मग त्यांनी तिच्या नवऱ्यानं खोदलेल्या विहिरींचे क्रमांक वाचले आणि त्यातला अठ्ठ्याऐंशी ऐकताच मला माझा सातवा तक्ता डोळ्यांपुढं दिसला. दहा परस, साठ फूट, माझ्या सुंदर अक्षरात. ती विहीर एकाहत्तर फूट आठ इंच होती.

मुलाखतीत सरांना आधी बोलावलं. दार नीट लागत नव्हतं. चार-पाच मिनिटं झाली आणि आतून हसण्याचा आवाज आला, एकाचा नव्हे, सगळ्यांचा. सर बाहेर आले, मला म्हणाले, "पंखा बरा हाय आत," आणि बाकावर जाऊन बसले. मी आत गेले तेव्हा ते लोक अजून हसू पुसत होते. संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव, प्राचार्य आणि विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञांनी माझा कागद पाहिला आणि प्रसन्न झाले. "हे बघा, असं पाहिजे. प्रबंध पूर्ण. नाहीतर आत्ताचे गृहस्थ. म्हणे मयतांचे हात राहिलेत!" पुन्हा हसले. हणमंतराव माझ्याकडं पाहून भला माणूस हसतो तसे हसले, मीही हसावं म्हणून. आणि मला कळत होतं की हसले की झालं. नुसतं ओठ हलवायचे होते. क्वार्टर, शाळा, दोन वेळचं पाणी, सगळं त्या ओठांच्या पलीकडं होतं. मी ओठ हलवायला गेले आणि भलतंच बाहेर आलं. म्हणाले, "त्यांचेच आकडे मी वापरलेत, सर. चुकलेले. त्यांनी आपली चूक बारा वर्षं दुरुस्त केली. मला सांगायलाही आले होते. मी ऐकलं नाही."  तज्ज्ञांनी कागदावर बोट ठेवलं. "मग हे 'पूर्ण' लिहिलंय ते?" "ते खोटं आहे," मी म्हटलं. "चार प्रकरणं झालीत, आणि त्यातलं एक पुन्हा लिहावं लागेल." "कधी होईल मग?" प्राचार्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सांगता येत नाही." हणमंतराव सभ्य होते. कळवू, म्हणाले.

स्टँडवर आमचे हे सायकल टेकवून उभे होते. सरांनी लांबूनच नमस्कार केला आणि गाडीत जागा धरायला गेले. मी ह्यांना जसं झालं तसं सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. ते ऐकत होते आणि सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. "मग शाळेत सांगून ठेवतो," ते म्हणाले, "यंदा नको म्हणून." मग म्हणाले, "गोदाला काय सांगशील?"  त्यांनी पिशवीतून गोदासाठी घेतलेली चप्पल काढून दिली. मापाला एक बोट मोठी होती. सहा वर्षं दुरून पाहिलेल्या पोरीचं माप बापाला कुठून ठाऊक असणार? मी गाडीत चढले तरी ते तिथंच उभे होते.

बस हलली. मुलाखत कशी झाली हे सरांनी विचारलं नाही. लोहा गेल्यावर मी म्हटलं, "सर, माझ्या एकशेचाळीस विहिरी. त्यांतले किती हात राहिलेत, बघून सांगाल?" मला वाटलं होतं की ते वही उघडतील, शोधतील, दोन दिवस मागतील. वही पिशवीतच होती. ते समोर पाहत म्हणाले, "शहाण्णव दुरुस्त. सतरा मयत. सत्तावीस राहिले."

मला कळायला वेळ लागला. तीनशे बारांतून माझ्या एकशेचाळीस त्यांनी कधीच वेगळ्या काढल्या होत्या. गेली तीन वर्षं, माहूरला, कंधारला, त्या सगळ्या थट्टेच्या मुलाखतींना जाऊन, ते माझेच हात आधी मोजत होते. मी मागितले नव्हते तेव्हा. मी त्यांच्या कामाला नाव ठेवत होते तेव्हा. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी तोवर पिशवीतून टेप काढून माझ्या मांडीवर ठेवला होता आणि वहीत बोट घालून सत्तावीस नावांचं पान शोधत होते.

"तरणे थांबतील," ते म्हणाले. "म्हातारे आधी घ्या, बाई."